तरवडाची भाजी

मार्चची अखेर होती. औशाकडे जाणारी बस डोळ्यांदेखत निघून गेली आणि मी फाट्यावर एकटी उरले. सावली म्हणून कुठे नव्हती. रस्ता रुंद करायला दोन्ही कडांची झाडं आधीच काढली होती. एकच झुडूप शिल्लक होतं, कमरेएवढं. वर चार-सहा पिवळे घोस आणि खाली वाळलेल्या चपट्या शेंगाच शेंगा. त्या झुडपापाशी एक उंच माणूस उकिडवा बसून, डोक्यावरची टोपी काढून तिच्यात शेंगा गोळा करत होता. पलीकडे जेसीबी घरघरत उभा, आणि त्याचा ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणत होता, "काका, आता बास की. हे एवढं काढलं की मी जेवायला मोकळा."

"तू जेवून ये," तो माणूस म्हणाला. "मी हितंच हाय."

मला राहवलं नाही. बासष्टी ओलांडली तरी माझी जीभ काही म्हातारी झालेली नाही.

"काय गोळा करून राहिलात?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. "तरवड."

"ते दिसतंय. पण कशाला?"

"पेरायला."

मी हसले. हसू येणारच. तरवड म्हणजे माळावरचं, बांधावरचं झाड. शेळी त्याला तोंड लावत नाही, उन्हाळा त्याला मारू शकत नाही, आणि ते लावावं असं कुणाच्या मनात येत नाही, जसं कावळा पाळावा असं कुणाच्या मनात येत नाही.

"उद्या बाभळीची रोपं विकत आणाल," मी म्हटलं.

"मिळाली तर आणीन." आता त्यांनी वर पाहिलं. डोळे बारीक, उन्हानं आवळलेले... पण आत कुठेतरी मिश्कील. "बाई, हसून झालं असंल तर पदर धरा. टोपी भरली."

मी काय करतेय हे कळायच्या आत मी पदर पुढे केला होता. त्यांनी टोपी उपडी केली. खुळखुळत शेंगा पदरात पडल्या. माझे मालक जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत माझ्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं. हळदीकुंकवाच्या घरात मी आपली मागच्या खोलीत चहा गाळायला उभी राहणारी. आणि हा अनोळखी माणूस भर रस्त्यात, भर उन्हात, पुन्हा टोपी भरायला वळलाही होता.

"आता ऐका," ते म्हणाले आणि एका घोसाकडे बोट केलं. काळाकुळकुळीत भुंगा फुलाला चिकटला होता. "उडताना त्याचा आवाज येगळा. फुलाला धरल्यावर येगळा. ऐकू आला?"

खरंच, सूर बदलला होता. बारीक, चढा, जणू कुणी तार छेडली.

"हे फूल आपला पराग असा कुणाला बी देत न्हाई. भुंग्यानं मिठी मारायची, अंग थरथरवायचं, तवा कुठं झडतो. वांग्याच्या फुलाचं बी तसंच. माझ्या बांधावरचा तरवड भावकीनं फवारा मारून जाळला, भुंगे गेले, आणि माझी वांगी फुलं गाळून बसली. लोक म्हणतात औषध मारा. मी म्हणतो पाहुणे बोलवा."

एखादा लाईटचा फ्यूज समजावून सांगावा तसं त्यांनी हे सगळं सांगितलं. मी मात्र पदरातल्या शेंगा उगाच सारख्या करत राहिले.

त्यांचं नाव श्रीमंतराव. महावितरणमध्ये वायरमन होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्यात. फाट्यापासून दोन किलोमीटरवर तीन एकर शेत. हे सगळं मला पुढच्या बसची वाट बघताना कळलं. आणि हेही कळलं की दोन वर्षं ते तरवडाचं बी पेरत होते आणि एक कोंब वर आला नव्हता.

"कसा येईल?" मी म्हटलं. तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली, अंगणात चिंच-बाभूळही मीच लावली. "त्याची साल दगडासारखी. कढत पाणी ओतायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी जे बी फुगेल ते पेरायचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. एखाद्या बाईला आपल्याहून जास्त येतं, हे कळल्यावर पुरुषाचा चेहरा सहसा आंबट होतो. यांचा उजळला.

"नंबर द्या," ते म्हणाले. "उगवलं तर कळवतो."

"आणि नाही उगवलं तर?"

"तर भांडायला फोन करतो."

बस आली. खिडकीतून मागे पाहिलं तर जेसीबीचा ड्रायव्हरही खाली उतरून शेंगा तोडत होता.

*

फोन सकाळी सातला यायचा. पहिल्या दिवशी बी फुगलं म्हणून. दुसऱ्या दिवशी ते किती फुगलं म्हणून. मग पेरणीला अजून दोन महिने आहेत, तोवर ते फुगलेलं बी कुठे ठेवायचं म्हणून. मी कपाळाला हात लावला. "अहो, पावसाच्या तोंडावर भिजवायचं होतं. सगळं भिजवलंत?"

"मूठभरच. परीक्षा घेतली."

"कुणाची?"

"तुमची. पास झालाव."

औशात किल्ल्यामागच्या गल्लीत माझ्या दोन खोल्या. सात वाजले की मी चहाचा कप घेऊन खिडकीपाशी बसायची. एकटीनं राहायची सवय मी कष्टानं लावून घेतली होती, पोरींनो. जेवायला एकच ताट घेणं, आजारी पडल्यावर स्वतःच स्वतःला पाणी देणं... हे शिकायला वर्षं लागतात. आणि ते विसरायला, माझ्या लक्षात आलं, दोन महिने पुरतात.

जूनमध्ये पहिला ओलावा धरल्यावर मी त्यांच्या शेतावर गेले. फाटकापाशी, विहिरीजवळ, काळ्याभोर मातीत आम्ही दोघांनी बी टोचलं. जागा मीच निवडली. ते म्हणत होते, "बाई, ह्या झाडाला मुरूम पायजे. ऊन पायजे. हितं पाणी साठतं." मी म्हटलं, "अहो, लेकरू लहान आहे, जरा चांगलं खायला घाला." वर मी खतही टाकायला लावलं. त्यांनी टाकलं. एकदाही 'मी सांगत होतो' म्हणाले नाहीत. पंधरा दिवसांनी सगळी रोपं कुजली तेव्हाही नाही.

"लाडानं मरतं हे," एवढंच म्हणाले. "काही झाडं असतातच तशी. त्यांना आपलं ऊन मोकळं सोडायचं, बस."

"बाकीचं बी?"

त्यांनी दुसरीकडे पाहिलं. "किडलं."

मला फार वाईट वाटलं. कारण त्याच दिवशी, बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाताना, मी त्यांना माझ्या माहेरचं सांगितलं होतं. माझं माहेर धर्माबाद, तेलंगणाच्या कडेचं. तिथे तरवडाला तंगेडू म्हणतात. नवरात्राच्या आधी अमावास्येपासून बायका बतकम्मा रचतात: ताटात फुलांचा थर, त्यावर थर, देवळाच्या शिखरासारखा. त्यात तंगेडूचं फूल पाहिजेच. पहाटे आम्ही पोरी माळावर जायचो, परकराचे ओचे भरून पिवळी फुलं आणायचो. भुंगे आमच्या मागे गावापर्यंत यायचे.

"औशात आल्यापासून चाळीस वर्षं झाली," मी म्हणाले होते. "झेंडूवर भागवते. तरवडाची ताटली काही रचली नाही."

ते फक्त शेंगेची साल बोटांत कुस्करत राहिले.

एवढंच माझ्या ध्यानात राहिलं. यापेक्षा जास्त ध्यान द्यायला हवं होतं.

*

आता माझ्या एका गर्वाबद्दल सांगते. आमच्या तालुक्यात दर पावसाळ्यात रानभाज्यांचा महोत्सव भरतो. घोळ, कुर्डू, केना, तांदुळजा, पाथरी— कुठल्या बांधावर काय उगवतं आणि ते कशात परतायचं, हे मला विचारायला बायका लांबून येतात. तीन वर्षं पहिला नंबर माझा. पाचव्या वर्षी आईबरोबर रानात जायला लागले, आजवर भाजी ओळखण्यात चूक झाली नाही, असं मी चारचौघांत म्हणायची. जरा मोठ्यानेच म्हणायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे सांगून-सवरून गेले, पण ते चष्म्याचा नंबर काढायला लातूरला गेले होते. "तुम्ही थांबा," फोनवर म्हणाले, "दुपारपर्यंत येतो. तुम्हाला एक दाखवायचं हाय."

"काय?"

"दाखवायचं हाय म्हणल्यावर सांगायचं कसं?"

मी थांबले. आणि रिकामं बसणं मला जमत नाही. फिरत फिरत वरच्या अंगाला गेले. तिथे मुरमाड उतार आहे, पूर्वेकडे तोंड केलेला. आणि तिथे, लख्ख उन्हात, तरोटा उगवला होता. बोटभर उंचीचा, कोवळा, पोपटी. इकडे चार, तिकडे दहा, मध्ये मोकळी जागा... रानात उगवतो तसाच. तरोट्याची भाजी कोवळी असतानाच खावी, पुढे तिला वास मारतो. माझा हात आपोआप खाली गेला. ओल्या मुरमातून रोपं मुळासकट अलगद येत होती. मुळं नखानं तोडायची, पाला ओच्यात टाकायचा. पाऊण तासात उतार साफ.

त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच कढईत, लसूण आणि भिजवलेली मुगाची डाळ घालून मी भाजी परतली. भाकऱ्या टाकल्या. ते आले ते नवा चष्मा लावून.

"कसा दिसतोय?"

"मास्तरांसारखे."

"चांगला मास्तर का मारका?"

"ते भाजी कशी झाली ते सांगण्यावर आहे."

ते जेवायला बसले. एखादा माणूस जेवतो कसा यावरून मी बरंच काही ओळखते. श्रीमंतराव घास तोंडात घालून क्षणभर थांबायचे, जणू त्या घासाला आधी बसायला पाट देत होते. मला ते बघायला आवडायचं. मी उगाच भाकरी शेकत राहायची, म्हणजे बघता येईल.

"जरा तुरट हाय," ते म्हणाले.

"कोवळा तरोटा तुरटच लागतो," मी ठसक्यात म्हटलं. "तुमच्या जिभेला सवय नाही."

"तसं असंल. वाढा अजून." दोनदा मागून घेतली. मग हात धुतले, टोपी घातली, आणि एकदम लाजल्यासारखे झाले. सदुसष्ट वर्षांचा, विजेच्या खांबावर आयुष्य काढलेला माणूस. "चला. आता दाखवतो."

ते पुढे, मी मागे. वाटेत बोलत होते, माझ्याकडे न बघता. "मी खोटं बोललो होतो. बी किडलं न्हवतं. निम्मं मी ठिवलं होतं. मुरमावर टाकलं, वरच्या अंगाला. वळीनं न्हाई, फेकून, रानात असतं तसं. म्हणलं, जरा वर येऊ दे, मग बोलवू. दोनशेच्या वर उगवलंय, रत्नाबाई. यंदा न्हाई, पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या नवरात्रात तुम्हाला ताटलीभर—"

उताराच्या कडेला ते थांबले.

मी त्यांच्या मागे होते, म्हणून माझा चेहरा त्यांना दिसला नाही. उतार बोडका होता. तीन रोपं उरली होती, एका दगडाच्या आडोशाला. आणि सगळीकडे माझ्या नखानं तोडलेली, पांढरी, बारीक मुळं पडली होती.

तरवडाचं रोप बोटभर असताना कसं दिसतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. कोण पाहणार? तरवड कोणी पेरतच नाही. मी पाहिला तो फुललेला, माझ्या डोक्याइतका उंच. तरोट्याचा तो भाऊच; लहानपणी दोघांचा चेहरा एक. फक्त तरवडाला देठापाशी दोन गोल पानं असतात, कानांसारखी. मी खाली वाकून त्या तिघांकडे पाहिलं. कान होते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण श्रीमंतरावांचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता, तो चढला. "बालाजी! ए बालाजी!"

शेजारच्या बांधावर बालाजी शेळ्या राखत होता. चाळिशीचा, तिरकस बोलणारा गडी. सावकाश आला.

"तुझ्या शेळ्यांनी खाल्लं," श्रीमंतराव म्हणाले. "किती बार सांगितलं, इकडं सोडू नको म्हणून."

बालाजीनं खाली पाहिलं. "काय होतं हितं?"

"तरवड."

"दादा," तो म्हणाला, "माझी शेळी बाभूळ खाती, बोरी खाती, शाळेचं दफ्तर दिलं तर ते बी खाती. पण तरवड?" त्यानं उरलेल्या रोपाचं एक पान खुडलं आणि जवळच्या शेळीच्या तोंडापुढे धरलं. शेळीनं हुंगलं आणि मान फिरवली. "बघा. थुंकली न्हाई, एवढंच."

"मग तुडवलं असंल."

"तुडवलं तर खूर दिसतील. हितं पावलं हायत. चपलेची, बाईमाणसाची."  बालाजीची नजर माझ्या पायांवर आली. चपलांना लागलेली मुरमाची लाल माती अजून ओली होती.

श्रीमंतराव अजूनही शेळीकडेच बघत होते.

"बालाजीला बोलू नका," मी म्हणाले. "मी उपटली. मला वाटलं... तरोटा आहे."

 श्रीमंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग ती भाजी..."

"होय."

"जी मी दोनदा मागून घेतली."

"होय."

बालाजीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. श्रीमंतराव त्याच्यापाशी गेले. "चुकलं माझं, बालाजी," म्हणाले. "खामखा तुला बोललो." मग माझ्याकडे न बघता वांग्याच्या वाफ्याकडे चालू लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. एवढ्या दुःखातही ज्याला आधी दुसऱ्याची माफी मागायचं सुचतं, असा माणूस मी माझ्या हातानं घालवला होता... आणि वर त्याला खायलाही घातलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी चहा करायची, खिडकीपाशी बसायची, चहा निवायचा. फोन हातात घेऊन नंबर काढायची आणि ठेवून द्यायची. काय बोलणार होते? चूक झाली, हे सांगून झालं होतं. दुसरं जे सांगायचं होतं ते सांगायला मला तोंड नव्हतं. बासष्ट वर्षांच्या विधवा बाईनं सकाळी सातच्या फोनसाठी झुरावं, हे मी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. आता तो बंद झाल्यावर मात्र लख्ख कळलं. मला तो माणूस हवा होता. त्याची वांगी, त्याचा चष्मा, त्याचं ते घास घेऊन थांबणं... सगळं हवं होतं.

महोत्सवाला मी नाव दिलं नाही. घरमालकांची ऋतुजा विचारायला आली, "आजी, यंदा नाही?" म्हटलं, यंदा दुसऱ्यांना संधी. ती बाराव्या दिवशी परत आली, डोळे मोठे करून. "आजी, कुणीतरी आलेत. वांगी घेऊन."

ते दारात उभे होते. पिशवी पुढे केली. "वांगीच हायत," म्हणाले. "खात्री करून आणलीत."

ऋतुजा फस्सकन हसली, का ते तिलाही माहीत नसावं. मी तिला पाणी आणायला पाठवलं.

"बसा," मी म्हटलं. "बारा दिवस झाले."

"मोजलेत?"

"तुम्ही नाही मोजले?"

"मोजले की. पहिले दोन दिवस पोट बिघडलं होतं. बाकीचे दहा रागात गेले."

"माझ्यावर?"

ते जरा वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत बसले. "दोन दिवस तुमच्यावर. मग सोतावर. लपवायला कुणी सांगितलं होतं? सांगितलं असतं तर तुम्ही राखण केली असती." त्यांनी वर पाहिलं. "सात वाजले की हात फोनकडं जायचा. मग म्हणायचो, न्हाई, आपण रागात हाव. लई अवघड असतं बघा, रागात राहणं. सवय न्हाई."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही, दोन्ही एकदम. मी पदरानं चेहरा पुसला.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुमच्या माहेरी तरवड हाय म्हणला होताव. अजून असंल?"

"माळावर असेल."

"मला घेऊन चला. शेंगा आणू."

 पोरींनो, तुमच्या काळात कुणी कुणाबरोबर कुठेही जातं, आणि बरं आहे. पण आमच्याकडे बाई माहेरी जाते ती नवऱ्याबरोबर, नाहीतर भाऊ न्यायला आला तर, नाहीतर एकटी. परक्या पुरुषाला घेऊन माहेरच्या दारात उभं राहायचं, म्हणजे दारातच एक प्रश्न उभा राहतो.

"कोण म्हणून नेऊ?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. नव्या काचांमागे त्यांचे बारीक डोळे मोठे, निरागस दिसत होते. "ते तुम्ही ठरवा," म्हणाले. "बी घेणारा शेतकरी म्हणलं तरी चालंल. खोटं न्हाई ते."

"आता नको. सर्वपित्री अमावास्येला जाऊ. तेव्हा फुलंही असतील, वाळलेल्या शेंगाही."

"अमावास्येला कोण घराभाईर पडतं?"

"आमच्याकडे त्याच दिवशी बतकम्मा बसते."

"बरं," ते म्हणाले, आणि उठताना, जणू सहज, "उद्या सातला जागं असाल ना?"

*

अमावास्येला पहाटे आम्ही निघालो. औशाहून लातूर, लातूरहून नांदेड, नांदेडहून धर्माबाद. मला बाई म्हणून अर्धं तिकीट, त्यांना वयाचं म्हणून अर्धं. कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि म्हणाला, "घ्या, दोघांचं मिळून एक."

श्रीमंतरावांनी ते तिकीट घडी करून खिशात ठेवलं. बराच वेळ दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

मी सगळ्या वाटेनं एक वाक्य घोटत होते. 'हे श्रीमंतराव, शेतकरी आहेत, बी न्यायला आलेत.' साधं, सरळ. दादा काही विचारणार नाही. माझी वहिनी केवळाबाई विचारील, पण तिलाही पटेल. वाक्यात खोटं काही नव्हतं. फक्त दर वेळी 'शेतकरी' म्हणताना मी अडखळायची.

नांदेड सोडलं, उमरी गेलं, आणि मग माळ सुरू झाले. दोन्ही बाजूंना तरवड. बांधावर, ओढ्याच्या कडेला, रुळांच्या भरावावर, कुणी न लावलेला, कुणी न राखलेला, ऊन पिऊन पिवळा झालेला. श्रीमंतरावांनी काच सरकवली. वारा आत आला आणि त्याबरोबर तो कडसर वास. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, देवळात ठेवतात तशी. मी फुलांकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. साठ वर्षं मी ही फुलं पाहत आले होते, पण ती बघताना कुणाचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

धर्माबादला उतरून चालत घरापर्यंत आलो. वहिनी ओसरीवर पाय पसरून बसली होती. पुढे पितळी ताट, शेजारी फुलांची रास. तिनं मला पाहिलं, हात पुढे केले, आणि मग माझ्या मागे पाहिलं. हात तिथेच थांबले.

"एवरू?" तिनं तेलुगूत विचारलं. कोण?

घोटलेलं वाक्य ओठांवर होतं. तेलुगूत म्हणून टाकलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. मी वळून पाहिलं. श्रीमंतराव पायरीच्या खालीच थांबले होते, चपला काढून, टोपी हातात घेऊन. घाई नाही, आगाऊपणा नाही. मी जे म्हणेन ते मानायला तयार. परका म्हटलं तर परका.

मी मराठीत उत्तर दिलं, त्यांना कळावं म्हणून.

"हे श्रीमंतराव. मी यांच्याशी लग्न करणार आहे."

वहिनीच्या बोटांतलं फूल बोटांतच राहिलं.  मागून अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं... "रत्नाबाई, हे मला कधी सांगणार होताव?"

"सात तास शेजारी बसला होतात," मी न वळता म्हटलं. "तुम्ही विचारायचं."

"धीर झाला न्हाई."

"मलाही होत नव्हता."

वहिनीनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, एकदा खालपासून वर, एकदा वरपासून खाली. मग मांडीवरच्या पाकळ्या झटकल्या, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात तोंड करून माझ्या भावाला हाक मारली.

"अहो, बाहेर या. आणि अंगात सदरा घालून या."